जित्त्या बोकडाचे सव्वीस वाटे

दिग्रसच्या अलीकडं, टेकडीच्या पोटाशी सव्वीस घरांचा तांडा. त्याचा नायक प्रेमसिंग. दिलेला शब्द त्यानं अकरा वर्षांत कधी माघारी घेतला नव्हता, अन् ह्याच एका गोष्टीवर त्याची नायकी उभी होती. बाकी त्याच्याजवळ एक मिशी होती आणि तांड्यातला सगळ्यात मोठा टीव्ही.

दोन हजार वीसचा उन्हाळा. टाळेबंदीनं दिग्रसचा बाजार बंद, जिनिंग बंद, कापूस घराघरात आढ्याला टेकलेला. तांड्यानं रस्त्यावर बाभळीचे काटे टाकून येणंजाणं बंद केलं, अन् नायकाला कामच उरलं नाही. तो दिवसभर टीव्हीपुढं बसे. पडद्यावर चार चौकटींत टाय बांधलेली चार मुंडकी भांडत. एक म्हणे, मंदीत सरकारनं लोकांच्या हाती पैसा सोडावा. लोक खातील तेव्हाच बाजार उठेल. दुसरं म्हणे, आज खाऊन टाकलं तर उद्या काय, पुढच्यासाठी गुंतवा. प्रेमसिंगाला दोघांचंही पटे. टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की हे भांडण शेवटच्या घरातल्या म्हशीलाही पाठ झालं होतं.

अशात बादल सापडला. बादल म्हणजे खर्र्यावाचून सकाळी पोट साफ न होणारा माणूस. पहाटेच काट्यांतून सरपटत तो दिग्रसला गेला आणि एका दुकानाच्या मागल्या दारानं खर्र्याच्या सुपारी-तंबाखूचं अर्धं पोतं घेऊन आला. पंच बसले, दंड ठरला: बादलचा काळा बोकड. बोकडाची माय मेली तेव्हापासून बादलनं त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं. त्यानं आपल्याच हातानं दावं सोडून दिलं. पोतं मात्र जप्त करायचं कोणाला सुचलं नाही.

दंडाचा बोकड त्याच दिवशी कापायचा, घरागणिक सारखे ढीग लावायचे, आणि एका म्हातारीनं ढिगांकडं पाठ करून एकेक नाव घ्यायचं, म्हणजे नल्ली कोणाला अन् चरबी कोणाला यावर भांडण नाही, ही तांड्याची रीत. सुरी घासून झाली, तेवढ्यात नायकाचीच बायको आडवी आली. जमनीच्या चार बकऱ्या होत्या.

"तांड्यात हा एकच बोकड हाय," ती म्हणाली. "हा कापला तं दिवाळीले पिल्लं तुम्ही देता काय?"

झालं. तांड्याचे दोन पक्ष पडले. कारभारी हरसिंग म्हणे, दोन महिने तुरीचं वरण खाऊन माणसाचा जोर गेला, आधी लोकांच्या पोटात जाऊ द्या. जमनीकडच्या बाया म्हणत, गुंतवा. कडुनिंबाखाली तीन दिवस चर्चा चालली. बोकड मधे बसून दोन्ही बाजूंचा पाला खात होता.

इकडं नायकाची झोप उडाली. कापावा तर घरात जेवण बंद, राखावा तर तांडा म्हणणार, नायक बायकोचा. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर पॅकेज जाहीर झालं, आणि एक मुंडकं म्हणालं, हातात कधी का पडेना, नुसत्या घोषणेनंसुद्धा विश्वास वाढतो. प्रेमसिंग ताडकन उठला. त्यानं सकाळी तांडा जमवला आणि शब्द दिला: वाटे आजच वाटायचे, ज्याचा वाटा तो त्याचा मालक. कापणं मात्र बाजार उघडेल त्या दिवशी.

"म्हंजे आज काय, नुसतं शेपूट?" जमनीनं विचारलं.

"टप्प्याटप्प्यानं," नायक म्हणाला.

रामीबाई, तांड्याची सगळ्यांत जुनी म्हातारी, बोकडाकडं पाठ करून बसली. हरसिंग काडीनं बोकडाचा एकेक भाग दाखवी, ती नाव घेई. बोकड काही केल्या स्थिर राहीना. मान म्हणून काडी लावावी तर तिथं पाठ येई. पण सव्वीस वाटे लागले. रामीबाईच्या वाट्याला ढुंगण आलं. घरोघरी वाटा पोचला अन् बोकड जागेवर उभा, दोन्ही पक्ष खूश. दिल्लीनं आपल्याला विचारायला पाहिजे होतं, असं प्रेमसिंगाला वाटलं.

बाजार काही उघडेना. टाळेबंदी पंधरा दिवसांनी वाढली, पुन्हा वाढली. तांड्यातले खर्रे संपले. माणसं सुपारीच्या आठवणीनं गाल चावू लागली, आणि बादल मात्र आपल्या दारात प्लास्टिकच्या पन्नीवर खर्रा घोटत बसलेला. मागितला तर तो म्हणे, फुकट नाही गड्या, तुझा वाटा दे. पहिल्या आठवड्यात एका वाट्याला चार खर्रे मिळाले. महिन्याअखेर, बोकड कापतो कोण अन् खातो कोण म्हणून, एका खर्र्यावरही लोक राजी झाले. बायांना कोणी सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर बाजार उघडला. कडुनिंबाखाली तांडा जमला, हरसिंगनं सुरी काढली. बादल आला तो दावं घेऊन.

"माहा धरून पंचवीस वाटे माहे हायत, नायक," तो म्हणाला. "मी माहे वाटे जित्तेच घरी नेतो."

हरसिंग संतापला, दंड दिलेल्यानंच दंड परत न्यावा, ही कुठली रीत? बादलनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. ज्याचं नाव येई तो खाली पाही. हरसिंगचं आलं, त्यानं सुरी पाठीमागं घेतली. तेवीस नावं झाली.

"अन् चोविसावं?" जमनीनं विचारलं.

बादल नायकाकडं पाहत राहिला. प्रेमसिंगाच्या गालात त्या घडीलाही खर्रा होता. तो ना गिळता येई ना थुंकता. अखेर त्यानं कडुनिंबामागं जाऊन पिचकारी मारली आणि परत येऊन म्हणाला, "ज्याचा वाटा तो मालक. नायकाचा शब्द हाय."

उरली रामीबाई. तिच्या तोंडात दात नाहीत, खर्रा तिच्या काय कामाचा? बोकड कापल्याशिवाय तिचा वाटा निघत नव्हता. हरसिंगची सुरी पुन्हा पुढं आली.

"याडी, माये, तुही मर्जी," बादल हात जोडून म्हणाला. सगळ्यांत हळू आवाज त्याचाच होता.

म्हातारीनं विचार केला. "माहा वाटा मागचा," ती म्हणाली. "मंग मांगून जे पडन ते माहं. लेंड्या रोज परसात आणून टाकत जाय."

असा तो बोकड घरी गेला. जमनीनं नवऱ्याला सकाळ-संध्याकाळ वरण वाढलं, वर पोळीला तेलही लावलं नाही. आठ दिवसांनी तिच्या बकऱ्या माजावर आल्या. बोकड समाईक असता तर काम फुकट झालं असतं. आता मालक एक, आणि त्याचा भावही एकच: दिग्रसचा ताजा खर्रा, एका बकरीमागं दहा. आणून द्यायचे खुद्द नायकानं.

टीव्हीवर मुंडकी अजून भांडत होती. प्रेमसिंगानं ती बंद केली, पिशवी घेतली आणि काटे बाजूला सारून दिग्रसच्या वाटेला लागला.