एकाच बाजूचे दोन

साखरखेर्ड्याचा गफ्फार मिस्त्री टांग्याच्या कमानपाट्यांवर मोठा झाला. तुटलेला पाटा भट्टीत लाल करायचा, हातोडीनं वाक द्यायचा, तेलात बुडवायचा, आणि बसवला की टांग्यावर उभं राहून दोन उड्या मारून बघायच्या. गावात तेलघाण्याचं इंजिन आलं तेव्हा ते उघडूनच तो शिकला. पुढे शालिग्रामजी आडत्यांनी जुनी पिकअप घेतली, तेव्हा तिच्याखाली शिरणारा माणूस गावात तोच एक होता. शाळेत तो गेला नव्हता. इंग्रजी आकडे मात्र चित्र काढावं तसे उतरवून घ्यायचा.

१९४३ साली, लढाई चालू असताना, त्याच्या मुलीच्या पाठीत दुखू लागलं. नूरजहां चौदा वर्षांची. पाठीचा एक मणका हळूहळू बाहेर दिसू लागला. मेहकरच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि मणक्याचा क्षय सांगितला.

"खामगावच्या दवाखान्यात पलंग मिळेल तेव्हा न्या. तोवर पाठीवर पडून राहू द्या. आणि नेताना धक्का लागता कामा नये. मणका आत दाबला तर पाय जातील."

बैलगाडीनं जायला तीन दिवस लागले असते, आणि ते तीन दिवस सगळे धक्क्यांचेच. राहिली पिकअप. तिची मागची बाजू खड्ड्यात गेली की चार-चार वेळा उडायची. गफ्फार पाटे तपासत राहिला; पाटे चांगले होते. दोष शॉकचा होता. पाटा धक्का झेलतो, पण मग झुलत राहतो. ते झुलणं शॉक थांबवतो. त्या गाडीचा शॉक म्हणजे चेसिसला बोल्टांनी आवळलेली तेलाची एक लोखंडी डबी. तिच्यातून निघालेली भुजा आसाला जोडलेली. आस वरखाली झाला की भुजा फिरते, आतलं तेल बारीक भोकातून वाट काढतं आणि उडी मरते. कारखान्यातून आलेले ते शॉक इतके झिजले होते की तेल ठरतच नव्हतं. गफ्फारनं चामड्याच्या नव्या चकत्या घातल्या, एरंडेल भरलं. आठ दिवसांत डब्या कोरड्या.

"नवेच लागतीन, शेठजी," तो म्हणाला.

"लढाईत कोन देते नवे? आपन लिहून पाहू. नंबर आन."

गफ्फार गाडीखाली शिरला. उजव्या डबीवरचा चिखल खरवडला, रॉकेलनं पुसली आणि आकडे कागदावर उतरवले. डावी डबी चिखलातच राहिली. शालिग्रामजींनी नागपूरला पत्र लिहिलं, नंबर आणि पुढे दोन नग.

पाच महिने गेले. मार्चमध्ये खामगावहून चिठ्ठी आली, सोमवारी पलंग रिकामा होतोय. त्याच आठवड्यात, गुरुवारी, पार्सलही आलं. गफ्फारच्या बायकोनं, अमीनानं, शेजारी गूळ वाटला.

उजवा शॉक तासाभरात बसला. डावा हातात घेऊन गफ्फार गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"काऊन हो मिस्त्री, झोपले का?" शालिग्रामजींनी वाकून विचारलं.

"शेठजी, हा बी उजवाच हाये."

"म्हंजे?"

"दोन्ही एकाच बाजूचे. भुजा पुढं येऊन राह्यली, आस मागं."

"मंग उलटा बसव."

उलटा बसवून पाहिला, भुजा चेसिसला अडली. पाना फिरवून डबी उघडली, आतली झडप काढून दुसऱ्या अंगाला लावावी म्हणून. झडपेचं घर डबीतच ओतलेलं होतं, ते हलवता येईना. मग त्यानं डाव्या बाजूची जुनी डबी पहिल्यांदा रॉकेलनं पुसली. सगळे आकडे तेच, शेवटचा तेवढा वेगळा. टांग्याच्या पाट्याला डावा-उजवा नसतो. तीस वर्षांत त्याला हे कधी विचारावं लागलं नव्हतं.

"पलंग पुढं ढकलता येते का पाहू," शालिग्रामजी म्हणाले.

"पुन्हा कवा भेटीन? तिचे पाय आताच मुंग्या आल्यावानी करून राह्यले."

सोमवारी सकाळी निघाले. डावीकडे जुनीच डबी, नवं एरंडेल भरून. हौद्यात सरकीची पोती, गाडी जड झाली की कमी उडते म्हणून. पोत्यांवर गादी, गादीवर, नवा शॉक होता त्या उजव्या बाजूला, उताणी नूरजहां. अमीना तिच्या उशाशी. गाडी शालिग्रामजी चालवत होते. गफ्फार पोरीच्या कमरेखाली दोन्ही हात घालून बसला.

"हळू घ्या, शेठजी."

"मिस्त्री, रेड्याची गाडी पुढं गेली आपल्या. अजून हळू घेतली तं मागं जाईन."

नूरजहां हसली, आणि हसताना दुखलं म्हणून ओठ दाबले. प्रत्येक मोरीपाशी गफ्फार खाली उतरून खड्ड्यात दगड टाकायचा, मग गाडी पुढे. चिखलीला पोचेतो दुपार झाली. तिथं त्यानं डबीत तेल भरलं. नूरजहांला पायाचा आंगठा हलव म्हटलं. तिनं दोन्ही हलवले.

"बहोत दुखता है, अब्बा."

"दुखू दे, बेटा. थोडंच राह्यलं."

अमडापूरच्या पुढे रस्ता उतरणीचा लागला. डबीतल्या तेलाची धार मागे रस्त्यावर पडत असलेली गफ्फारला वरून दिसत होती. थांबून भरायला बाटलीत तेल उरलं नव्हतं. एका मोरीवर डावं चाक आपटलं. उजवी बाजू एकदाच दबून उभी राहिली. डावी उडाली, खाली आली, परत उडाली. गफ्फारनं हात वर रेटून धरले, पण हौदाच तिरका होत होता आणि त्याच्याबरोबर तोही.

नूरजहां ओरडली. अमीना तिच्या कपाळावरून हात फिरवत पुटपुटत राहिली. थोडी वाट गेली.

"अब्बा," नूरजहां म्हणाली, "अब दुखताच नै."

"अल्ला का शुकर," अमीना म्हणाली, आणि तिनं पदरानं पोरीचा घाम टिपला.

गफ्फारनं कमरेखालचे हात हळूच काढले. पायांशी सरकला. चादर बाजूला करून तिच्या आंगठ्याला चिमटा घेतला. पोर आभाळाकडे बघत होती. त्यानं दुसरा आंगठा धरला, जोरात, नख रुतेपर्यंत.

"आंगठा हिला, बेटा."

"हिला रही ना."

दोन्ही पाय गादीवर तसेच होते. अमीनानं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं चादर परत नीट घातली, कडा गादीखाली खोचल्या.

मग उठला आणि केबिनच्या टपावर हात मारला. शालिग्रामजींनी गाडी अजूनच हळू केली.

"हळू नका घेऊ," गफ्फार म्हणाला. "आता पळवा."