सतरा नंबरची चूक

मदतकक्षातल्या ताईंना नऊ वर्षांत एका आकड्याचा तिटकारा आला होता. सतरा. कंपनीचे प्रोग्रामर एका टूलच्या काळ्या खिडकीत आदेश टाइप करून आपलं काम सर्व्हरवर चढवत. ते टूल अडलं, की एवढंच म्हणे, ‘चूक १७: संदर्भ अवैध.’ की लगेच ताईंना फोन. दहातल्या सात जणांचं दुखणं एकच, ते भलत्याच फोल्डरमध्ये उभे असत. घरी नवरा चष्मा शोधू लागला तरी ताईंच्या तोंडून निघे, “आधी कुठल्या खोलीत आहात ते सांगा.”

टूल लिहिणाऱ्या इंजिनियरला चाळिशीतच टक्कल पडलं, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत.

“सतराचा मजकूर बदल ना रे,” ताई चौथ्यांदा सांगायला गेल्या.

“मदतीच्या पानावर सगळं आहे, ताई.”

“ते पान तीनशे ओळींचं आहे.”

“लोक वाचतच नाहीत, त्याला मी काय करू?”

ताईंचं डोकं फिरलं. साहेबांची परवानगी काढून सोमवारी त्यांनी आजोबालाच फोनवर बसवलं. पहिल्या माणसाला त्याने संदर्भ म्हणजे काय, ते दहा मिनिटं समजावलं. दुसऱ्यालाही. पाचव्यावर तो खेकसला, “अहो, आधी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जा.”

“हेच लिही,” ताई म्हणाल्या.

दुपारी त्याने लिहून आणलं, ‘सद्य निर्देशिकेत विन्यास-संचिका अनुपलब्ध.’

“हे कुणाला सांगतोयस?”

तासभर हुज्जत घालून शेवटी ठरलं, ‘तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये आहात. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन हाच आदेश पुन्हा द्या.’ आकडा मात्र त्याने काढू दिला नाही. जुने प्रोग्राम तो आकडा वाचूनच चूक ओळखतात म्हणाला. ताईंनी दातओठ खात तेवढं सोडलं.

फोन निम्म्यावर आले. शुक्रवारी एका नव्या मुलीने विचारलं, “चुकीच्या फोल्डरमध्ये आहात, असं येतंय. पण मग मी आहे कुठे?”

ताईंनी कपाळाला हात लावला. मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. त्या तडक आजोबाकडे गेल्या. प्रश्न ऐकून त्याने कीबोर्ड पुढे ओढला. मग त्याने संदेशात एक ओळ वाढवली, ‘आत्ता तुम्ही इथे आहात’, आणि पुढे फोल्डरचं नाव.

“अजून काही?” त्याने त्रासून विचारलं.

“आता बावीस नंबरची चूक,” म्हणत ताई खुर्ची ओढून बसल्या.