वालाच्या शेंगा आणि मामाचं दुपटं

मला लहानपणापासून नसत्या चौकशा फार. आई म्हणायची, ही कार्टी जिथे तिथे नाक खुपसते. पेणच्या खाडीकाठी, मिठागरांच्या गावात माझं माहेर. तिथली माझी पहिली मोठी चौकशी होती थोरल्या भावाच्या लघवीची. हसू नका. गावात हिवतापाच्या गोळ्या वाटल्या होत्या. घराघरातल्या तापकऱ्यांनी त्या घेतल्या आणि पिवळा पडला तो एकटा आमचा भाऊ. लघवी तर कोऱ्या चहासारखी. गावाने कावीळ ठरवून त्याच्या गळ्यात मंतरलेली माळ घातली, कावीळ उतरते तशी ती लांबते म्हणे. माळ लांबत पोटापर्यंत आली, तोवर तो बरा झाला आणि सगळं श्रेय माळेला गेलं. मी विचारलं, गोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या, मग यालाच का? "गप बस गो," एवढंच उत्तर मिळालं.

खरं उत्तर मिळायला माझ्या लेकीला मुलगा व्हावा लागला.

ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे, रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावात आली होती. बाळं थोडीफार पिवळी पडतात, पण हा जरा जास्तच पडला. पेणला लहान मुलांच्या दवाखान्यात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नाही. म्हणाल्या, बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम कमी आहे. ते कसं बनवायचं हे ज्या जनुकात असतं, त्यातच थोडा फरक आहे. मी लगेच विचारलं, ते करतं काय? तर म्हणे काही औषधं, काही विषारी पदार्थ रक्तातल्या लाल पेशींवर मारा करतात, तो सोसायची ताकद त्याच्यामुळे येते. नसलं तर पेशी फुटतात आणि कावीळ होते. मला आमचा कोयता आठवला. खाडीच्या वाऱ्यात तेलाचा हात लावला नाही की लगेच गंज धरायचा. म्हटलं, म्हणजे आमच्या पोराच्या रक्ताला तेलाचा हात कमी पडतोय. त्या हसल्या, म्हणाल्या, असंच समजा.

मग म्हणाल्या, हे मुलाला आईकडून येतं. बाईला सहसा काही होत नाही, ती नुसती पुढे देते. मी भावाची गोष्ट सांगितली, तर त्या गोळ्यांपैकी एकीने अशा माणसांना नेमकं हेच होतं म्हणाल्या. अख्खा जन्म डोक्यात घोळणारा प्रश्न असा चुटकीसरशी सुटला! खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. मग मी बोटांवर हिशेब केला. म्हणजे आईकडून भावाला आलं, मला आलं, आणि मी ते लेकीच्या हाती दिलं. इतकी वर्षं धडधाकट फिरले आणि पत्ताही लागला नाही.

पिवळेपणा उतरला तसं घरी पाठवलं. जपायचं काय, तर काही औषधं, डांबरगोळ्या आणि बाकला नावाची एक शेंग. ती शेंग आपल्याकडे पिकत नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. घरात डांबरगोळ्या आहेत का, हेही विचारलं. मी नाही म्हटलं आणि ते खरं होतं. मी कपड्यांत कडुनिंबाचा पाला ठेवते. पण नातवासाठी येऊन राहिलेल्या आमच्या विहीणबाई रोह्याच्या आतल्या गावच्या. भात निघालं की शेतभर वाल. त्यांनी मोबाइलवर त्या शेंगेचा फोटो पाहिला, हिरवी शेंग, आत दाणे, आणि निकाल दिला की हा तर आपला वाल. आमच्याकडे शेंग म्हटलं की दुसरं सुचतच नाही. झालं, घरात वाल बंद. बिरडं नाही, पोपटीही नाही. आणि दिवस तर पोपटीचेच! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि मीठ भरायचं, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. त्या वासाने मेलेला उठून बसेल, तिथे बाळंतिणीची काय कथा.

अशातच भाऊ आला. बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावायचं नाही, कुणातरी धडधाकट माणसाचं वापरलेलं लावायचं, अशी आमची रीत. साठी ओलांडलेला भाऊ स्वतःचं तान्हेपणीचं दुपटं घेऊन आला, आमच्या आईने तिच्या लुगड्याचं शिवलेलं. बाळ त्यात गुंडाळलेलं पाहून मला आई आठवली आणि रडू आलं. खोलीत ओव्याची धुरी चालू होती, डोळे तसेही चुरचुरत होते.

बारशाच्या आधीच बाळ पुन्हा पिवळं पडलं, पहिल्यापेक्षा जास्त. दूध ओढेना, उठवलं तरी डोळे उघडेना. गाडी करून पेणला निघालो. नागोठण्याच्या पुढे लेकीला हुंदका फुटला. शेजाऱ्यांनी पोपटी लावली होती, तिने गुपचूप चार शेंगा खाल्ल्या होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "चार शेंगांसाठी लेकराचा जीव टांगणीला लावलास?"

दवाखान्यात बाळ दिव्याखाली गेलं. औषध सुरू झालं तसं ते जरा चळवळ करायला लागलं, सिस्टर म्हणाली पाजून बघा. लेक भिंतीकडे तोंड करून बसली.

"माझ्या दुधात विष आहे, आई," ती म्हणाली. "मी नाही पाजणार."

माझं डोकंच फिरलं. विहीणबाईंवर, त्या मोबाइलवर, स्वतःच्या रक्तावर. व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागले, आणि माझी जुनी चौकशी जागी झाली. जे बाळात आहे तेच भावात आहे. आणि भाऊ? सासरहून मी दर हिवाळ्यात पोतंभर शेंगा धाडते, त्यातल्या निम्म्या तो एकटा फस्त करतो. त्याला आजवर काही झालं नाही. मग वालाचा काय दोष? दुसरं काहीतरी आहे. पण काय?

तेवढ्यात सिस्टरने बाळाचे काढलेले कपडे माझ्या हातात दिले. इथे ओव्याची धुरी नव्हती. मी दुपटं नाकाशी धरलं. डांबरगोळी.

भावाला फोन लावला. "पेटीत तर डांबरगोळ्याच असतात गो," तो म्हणाला. "खाडीच्या दमटीत कापड टिकंल कसं? आणि मी उन्हात घातलं होतं की." त्यानेच बाळाला झालं असेल असं मी म्हटलं, त्यातलं त्याने किती ऐकलं कोण जाणे, फोन बंद झाला.

डॉक्टरीणबाईंनी दुपटं हुंगलं आणि पिशवीत बांधून बाहेर ठेवायला सांगितलं. एवढ्याशा उन्हाने ते जात नाही, मोठ्या माणसाला नुसत्या वासाने काही झालं नाही तरी तान्ह्याच्या अंगाशी ते दिवसरात्र असतं, म्हणाल्या. कारण बहुतेक हेच. मग लेकीजवळ बसून तिला सांगितलं, वाल नव्हे आणि दूध तर नव्हेच, पाजा त्याला. लेकीने बाळासाठी हात पुढे केले. विहीणबाई उठल्या, लेकीपुढे उभ्या राहिल्या आणि पदर पसरून आडोसा धरला. हात भरून आले तरी पदर खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाचा पिवळेपणा उतरायला लागला. भाऊ आला होता, पण दारातच उभा. पहाटे आंघोळ करून आला होता, तरी आत पाऊल टाकेना. अंगाला वास असंल माज्या, म्हणाला. डोळे रडून लाल. इतका मोठा माणूस, मला बघवेना.

लेक म्हणाली, "आत ये, मामा. तुझ्यावरच गेलाय तो."

भाऊ आला. लांबूनच वाकून बघितलं त्याने, हात पाठीमागे बांधून.

"माज्यावर गेलाय," तो म्हणाला, "म्हंजे जगंल."