लागल्याची वही

माझ्या धाकट्या जावेला लॉन्ड्रीत सगळ्या मोतीबाई म्हणतात. नाव ऐकून कुणाला कुत्रं आठवत असेल तर आठवू दे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मोतीबाई. शाळेत असताना तिला कारकून व्हायचं होतं. झाली काय, तर चादरी ओढणारी. चौदा वर्षांपूर्वी मीच तिला इथं चिकटवलं. तेव्हा या गोष्टीतलं पहिलं पाप माझंच.

आमच्याकडे हॉस्पिटलांच्या नि हॉटेलांच्या चादरी येतात. साठ बायका आहोत. मोतीबाई मशीनवर होती: ओल्या चादरींचा पिळा मशीनच्या तोंडातून ओढायचा आणि गाडीत टाकायचा. मी इस्त्रीच्या गरम रुळावर. दारावर एक पाटी आहे, 'अपघाताविना दिवस', आणि खाली आकडा. शंभर भरले की सगळ्यांना भरपगारी सुट्टी. मध्ये एखादीला लागलं की आकडा पुन्हा शून्य. आता तुम्हीच सांगा, सत्त्याण्णवाव्या दिवशी जिचं बोट चिमटेल ती बिचारी एकोणसाठ जणींच्या शिव्या खाईल का?

मलमपट्टीच्या खोलीत एक वही असते. त्यात 'कुठे लागलं' असा रकाना. तिथं आम्ही लिहायचो, 'घरी'. कुणी शिकवलं नाही हो, आमचं आम्हीच शिकलो. मुकादमही वहीवर सही करायचा आणि छताकडे बघायचा. लिहायचं काम मोतीबाईकडे, अक्षर चांगलं ना! हात भाजला, 'घरी, शेगडीवर'. पाय मुरगळला, 'घरी, जिन्यात'. एकीच्या पायावरून गाडी गेली, तर हिनं लिहिलं, 'घरी, कपाट सरकवताना'. आम्ही पोट धरून हसलो. मी म्हटलं, "अगं, तिच्या घरी कपाट आहेच कुठं?" तेव्हापासून ती बाई कपाटवाली झाली.

मग मोतीबाईचाच खांदा गेला. पिळा ओढताना काडकन आवाज झाला, तो मी रुळापाशी ऐकला. पाटीवर ब्याण्णव. डाव्या हातानं उजवा सावरत ती खोलीत गेली, कोपर टेबलावर टेकवलं, आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'घरी, अंथरूण झटकताना.' आठ दिवसांनी सगळ्यांना सुट्टी मिळाली. त्या दिवशी मी तिची वेणी घालून दिली. तेव्हापासून रोज मीच घालते, कारण तिचा हात डोक्यापर्यंत जात नाही.

डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत ऑपरेशन करा, नाहीतर हात कायमचा असाच राहील. ऑपरेशन आमच्या आवाक्याबाहेरचं. भरपाई मिळाली तरच. तिनं अर्ज केला.

त्याच सुमाराला राज्य सरकारनं कायदा बदलला. आधी अशा अर्जांना तारखांवर तारखा पडायच्या, साक्षी व्हायच्या, माणूस म्हातारा व्हायचा पण निकाल लागायचा नाही. आता तारखा नाहीत, साक्षीदार नाहीत. तीन डॉक्टर बसणार, कागद बघणार आणि नव्वद दिवसांत निकाल. युनियनच्या माणसानं हे सांगितलं तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. सगळ्यात जोरात मी.

निकाल पंच्याऐंशी दिवसांतच आला. काय कौतुक! लागल्यानंतरची पहिली लेखी नोंद खरी धरायची, असं नव्या कायद्यात आहे. पहिली नोंद, 'घरी, अंथरूण झटकताना'. अर्ज नामंजूर.

माझं डोकंच फिरलं. "अहो, कामावर लागलं हे साठ जणींना माहीत आहे!"

"माहीत असून उपयोग नाही, मावशी," युनियनचा माणूस म्हणाला. "लिहून हवं."

अपिलात एकच वाट होती. एकीनं, फक्त एकीनं, सही करून द्यायचं की वहीतली माझी नोंदही खोटी आहे, इथं असंच लिहितात. पण मेख तिथंच होती. खोटी नोंद कबूल केली की त्या दुखण्याची भरपाई आपल्याला कधीच नाही, आणि मालकाला कामावरून काढायला आयतं कारण.

मोतीबाई कागद घेऊन फिरली. बायकांना एकाएकी केवढी कामं लागली! कपाटवाली तर तोंड चुकवून मागच्या दारानं घरी गेली. मी एकेकीचा उद्धार केला. "हिनं तुमच्या सुट्ट्या राखल्या, आणि तुम्हाला एक सही जड झाली? लाजा नाही वाटत?"

रविवारी तिनं कागद माझ्यापुढं ठेवला.

वहीत माझ्या नावावर सात नोंदी आहेत, सगळ्या घरच्या. नवरा दोन वर्षं काम सुटून बसलाय, माझ्या पगारावर पाच तोंडं. मी पेन उचललं, टोपण काढलं आणि म्हटलं, "उद्या करते गं."

"बरं, ताई," ती म्हणाली.

शुक्रवारी मुदत संपली. तिनं विचारलं नाही, मी बोलले नाही. एका घरात राहून, रोज तिच्या केसांत हात घालून. दुसऱ्यांना शिव्या घालताना माझी जीभ कशी तलवारीसारखी चालत होती! लाज वाटते मला, दुसरं काय सांगू.

सहा महिने उलटून गेले. मालकानं म्हणे दया केली आणि तिला हलकं काम दिलं: मलमपट्टीच्या खोलीत बसून वही लिहायची. हात वर होत नाही, पण कोपर टेकलं की लिहिता येतं. सोडून जाणार तरी कुठं? असल्या हाताच्या बाईला कोण घेणार?

परवा रुळात चादर अडकली. ओढायला गेले आणि उजवा तळहात भाजला. पाटीवर अठ्ठ्याण्णव. खोलीत गेले. तिनं मलम लावलं, पट्टीचं एक टोक दातांत धरून गाठ मारली. मग वही उघडली. तारीख लिहिली, माझं नाव लिहिलं आणि रकान्यापाशी थांबली. बाहेर बायका डबे उघडून सुट्टीचे बेत करत होत्या. मी मनात स्वतःलाच म्हटलं, बोल बये, आता तरी बोल. 'कामावर' एवढा एकच शब्द.

"घरी ना, ताई?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

"हो," मी म्हटलं. "घरी."

आज सुट्टी आहे. सकाळी ती नेहमीसारखी कंगवा घेऊन माझ्यापुढं पाठमोरी बसली, आणि माझा हात पट्टीत.