बोंडल्यातली गुटी

काल मंडईत वेखंडाचा वास आला आणि जीभ कडू झाली. माझं बाळ महिन्याचं होतं तेव्हाची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानेच पोटातले चांगले जंतू वाढतात. एका सकाळी सासूबाईंनी सहाणेवर वेखंड वगैरे उगाळून गुटी केली. "आमची पोरं काय गुटी पिऊन मेली का?" म्हणत त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि गुटीचं चोचवालं बोंडलं त्याच्या ओठांना लावायला गेल्या. मी ते हिसकावलं आणि सगळी गुटी स्वतःच पिऊन टाकली. "अहो आई, आता दुधातून जाईल त्याला काय जायचं ते!" आजही त्या पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "आमच्या गुटीवर वाढलाय हो." मी तिथेच म्हणते, "हो, प्यायले मी."