आमचं ऊन हरलं तो रविवार

खोटं सांगायची मला सवय नाही. थोडं वाढवून सांगते, पण तेही नाइलाजानं. माझं माहेर जसं आहे तसं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि वाढवून सांगितलं की म्हणतात, हां, असं असू शकतं.

शेगावला गाडीतून उतरायचं, वरवट बकालकडची एसटी धरायची आणि सातपुडा खिडकीतून आत येऊन मांडीवर बसेपर्यंत जागचं हलायचं नाही. मग उतरायचं. तेच आमचं गाव. गावाच्या वरच्या टोकाला उभं राहिलं की मोबाइल मध्य प्रदेशात स्वागत करतो, खालच्या टोकाला आलं की महाराष्ट्र परत बोलावून घेतो. मधल्या चौकात केळीची गाडी लागते, तिथे एकाच फोनमध्ये दोन्ही राज्यं भांडतात. बाजारात भाव मराठीत विचारतात, घासाघीस हिंदीत करतात आणि शिव्या जी भाषा हाताशी असेल तिच्यात देतात.

आणि ऊन! इथे दोन राज्यांचं ऊन पडतं. महाराष्ट्राचं सरळ टाळूवर आणि मध्य प्रदेशचं डोंगरावर आपटून पाठीत. एप्रिलपासून हातपंपाचं पहिलं पाणी असं येतं की फक्त चहापत्ती टाकायची बाकी. एसटीचा कंडक्टर घंटीची दोरी रुमालानं धरून ओढतो. पाण्याचा टँकर चौकात थांबला की गावातली सगळी कुत्री त्याच्या सावलीत झोपतात, आणि टँकर निघाला की झोपेतच त्याच्याबरोबर चालायला लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक कुत्रं तर असंच चालत चालत बऱ्हाणपूरला पोचलं आणि आता तिथे हिंदीत भुंकतं.

अशा गावात माझे बाबा कूलरवाले. चौकात त्यांचं दुकान. कूलरची टाकी झाळायची, मोटर बांधायची, जुन्या ताट्यांतलं सडलेलं गवत उपसून नवं भरायचं. पैसेवाल्या गिऱ्हाइकाला खसची, म्हणजे वाळ्याची ताटी. बाबांनी भरलेल्या खसच्या ताटीवर पाणी सोडलं की वास तीन गल्ल्या ओलांडून जातो आणि त्या तिन्ही गल्ल्या दुपारी झोपतात. पण बाबांचा खरा धंदा कूलरचा नव्हे, उन्हाच्या गोष्टींचा. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवतं ते "काय ऊन हाये भाऊ!" म्हणत, आणि बाबा पक्कड खाली ठेवून म्हणतात, "हे काहीच नाही. बसा, सांगतो." कूलर विकला जातो तो त्या गोष्टीच्या शेवटी.

माझं लग्न अकोल्याला झालं, आणि तिथेच घोळ झाला. लग्न मेमधलं, मुहूर्त दुपारचा. मांडवात बाबांनी बारा कूलर लावले होते; हार उडून भटजींच्या गळ्यात पडला, एवढा वारा. माझे सासरे, म्हणजे मामाजी, गाडीतून उतरले. बाबा ओला दुपट्टा घेऊन सामोरे गेले आणि कौतुकानं म्हणाले, "पाहा व्याही, आमच्या इथचं ऊन!"

मामाजींनी दुपट्टा हातात घेतला, सातपुड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकोल्याच्या मानानं अथी तं हिल स्टेशन हाये जी."

त्यानंतर काय विधी झाले ते मला फोटोंतूनच कळलं. मंगलाष्टकं चालू असतानाही अंतरपाटाच्या दोन बाजूंनी हे दोघं भांडत होते. मामाजी कचेरीतून रिटायर झालेले हेडक्लार्क. त्यांच्याकडे एक फाइल आहे. पेपरात जेव्हा जेव्हा अकोला उन्हात पहिलं आलं, ते प्रत्येक कात्रण त्यात चिकटवलेलं. दर दिवाळीला, दर बारशाला ते फाइल आणायचे. बाबांकडे कागद नव्हता. आमच्या गावात ऊन मोजायची सोयच नव्हती. "मोजत नाही म्हणून नाही काय?" बाबा म्हणायचे. मामाजी म्हणायचे, "नोंद नाही तं ऊन नाही."

आणि मग यंदा शाळेच्या मैदानात सरकारी मशीन आलं! पांढरा खांब, वर पांढरी चकत्यांची डबी, सोलरची पाटी, भोवती तारेचं कुंपण. आकडा सरळ मोबाइलवर. बसवायला आलेल्या साहेबानं दोन तास काम केलं, सात लोटे पाणी प्यायला आणि जाताना एवढंच म्हणाला, "सांभाळा हिला. बिघडली तर सहा महिने कोणी येणार नाही." कुंपणाची चावी ग्रामपंचायतीत राहिली, आणि ग्रामपंचायतीचा कूलर बाबा दुरुस्त करत असल्यामुळे ती त्यांच्या खिशात आली.

त्याच संध्याकाळी दोन्ही घरांच्या व्हाट्सअ‍ॅप ग्रुपवर पैज लागली. येत्या रविवारी दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा कोणाचा, अकोल्याचा की आमचा? मामाजींनी अटही लिहून पाठवली, हेडक्लार्कच्या भाषेत: जो हरेल त्यानं यापुढे हयातभर उन्हाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

बाबांनी खाली अंगठा उठवला. आईनं कपाळावर हात मारला. मी तेव्हा माहेरी आले होते. एकीकडे बाप, एकीकडे सासरा, मी दोघांनाही गुपचूप "तुम्हीच जिंकणार" असा मेसेज केला. संसार असाच चालतो.

पण मला मनातून बाबांची काळजी वाटत होती. मामाजी हरले असते तर त्यांना राजकारण होतं, गुडघे होते, पेन्शन होती. बाबांकडे उन्हाशिवाय दुसरा विषयच नव्हता.

रविवारी सकाळपासून चौकातल्या चहाच्या हॉटेलात गाव जमलं. दुपट्टे बांधून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घालून, माझ्या फोनभोवती. मी आकडे वाचत होते. दहा वाजता अकोला पुढे. "गरम होऊ द्या जरा," सगळे म्हणाले. बारा वाजता अकोला आणखी पुढे. दुपारी चारला आमचा आकडा अकोल्याच्या नऊ अंश खाली! बाहेर डांबर उकळून चपला धरून ठेवत होतं आणि फोन म्हणत होता की आमच्याकडे हवा छान आहे.

"मशीन खोटी हाये बे!" एक म्हणाला.

"खोटी नाही," दुसऱ्यानं विचार करून सांगितलं, "यात फक्त महाराष्ट्राचं ऊन धरलं असंन. मध्य प्रदेशचं सोडलं त्याहीनं."

हे सगळ्यांना पटलं. बाबांना मात्र नाही. त्यांचं तोंड उतरलं होतं. ते उठले. "मी मशीनले पाहून येतो," म्हणाले, "जास्तच तापली असंन बिचारी." आणि बादली घेतली. मला आश्चर्य वाटलं. बादली कशाला? मी मागोमाग गेले.

मैदानात पोचले आणि थबकलेच. कुंपणाच्या आत, मशीनच्या तीन बाजूंनी बाबांनी खसच्या नव्या कोऱ्या ताट्या उभ्या केल्या होत्या. वर पाण्याचा ड्रम, त्यातून बारीक नळी, थेंब थेंब पाणी ताट्यांवर. खांबाला सुतळीनं एक कांदाही बांधला होता. गरम वाऱ्याची लू सुटली की ताट्यांतून आत शिरत होती आणि पलीकडे अशी गार झुळूक निघत होती की माझ्या अंगावर काटा आला.

"बाबा, हे कधी केलं?"

"काल," ते ड्रममध्ये बादली ओतत म्हणाले. "साहेब सांगून गेला ना, सांभाळा म्हून? अथी डीपीले कूलर लावा लागते, मोटरच्या स्टार्टरवर ओलं पोतं टाका लागते, नाही तं जळून जाते. आन् ही एवढी नाजूक मशीन रणरणत्या उन्हात उघडी! आज बंद पडली असती तं? अव्वल खस लावली बाप्पा. आमदाराच्या बंगल्यालेही अशी नाही भरली."

मी त्या झुळुकेत उभी होते. जिवाला इतकं बरं वाटत होतं की बोलायची इच्छा होईना. पण विचारलं.

"बाबा, हे मशीन काय मोजते?"

"हवा मोजते."

"कोठची?"

बाबांनी मशीनकडे पाहिलं. ताट्यांकडे पाहिलं. हात पुढे करून झुळूक तळव्यावर घेतली. बादली त्यांच्या हातून सुटली आणि पाणी जमिनीवर पडायच्या आत वाफ होऊन गेलं. हे जरा वाढवून सांगितलं. पण बादली सुटली हे खरं.

त्यांनी ताट्या काढून कुंपणाला टेकवल्या. पण तेव्हा उन्हं कलायला लागली होती, आणि ग्रुपवर संध्याकाळी मामाजींचा मेसेज आला: नोंद झाली.

मी मामाजींना फोन लावायला निघाले तर बाबांनी हात धरला. "सांगशील तं माह्या गळ्याची आण. हारल्यावर कारणं सांगणारा माणूस नोहे मी." आणि ते गप्प झाले.

ते गप्प होणं तुम्हाला कसं सांगू! गिऱ्हाईक यायचं, "काय ऊन हाये भाऊ!" म्हणायचं, बाबा पक्कडीकडे पाहत राहायचे. एकानं कूलर दाखवा म्हटलं. बाबांनी दाखवला. "काऊन घ्यावा हा?" त्यानं विचारलं. बाबांचे ओठ हलले, हात वर आभाळाकडे गेला, अर्ध्यात थांबला. "दिसाले बरा हाये," ते म्हणाले. गिऱ्हाईक निघून गेलं. ऐन मे महिन्यात चौकात अफवा उठली की कूलरवाल्याला ऊन लागलं. बाया कैरीचं पन्हं घेऊन येऊ लागल्या. बाबा ते मुकाट्यानं पीत होते.

पुढच्या रविवारी मामाजी विजयी मुद्रेनं आले. दुपारी एकच्या एसटीनं, काखेत फाइल. फाटकापासून दारापर्यंत येताना त्यांच्या मिशांचं टोक वाकडं झालं होतं, पण चेहरा हसरा. ताकाचे चार गिलास रिचवून त्यांनी फाइल उघडली.

"काल अकोल्यात तं पाखरं पटापट पडून राह्यली होती, व्याही."

बाबांनी वांग्याच्या भाजीचं ताट पुढे सरकवलं. "घ्या."

मामाजींनी वाट पाहिली. "रस्त्याचं डांबर तं नाल्यात वाहून गेलं म्हणतो मी."

"भाकर वाढू?" बाबा म्हणाले.

मामाजींनी आणखी तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तर त्यांनी आमच्या गावाला सरळ महाबळेश्वर म्हटलं. बाबांचे कान लाल झाले, गळ्याची शीर उडाली, पण तोंडातून फक्त "लोणचं?" निघालं. मामाजींचा घास हातात राहिला. ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "सूनबाई, काय होऊन राह्यलं यायले? असं जिंकून काय मजा?"

आण बाबांच्या गळ्याची होती, तेव्हा मी काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "मामाजी, जेवून झाल्यावर मशीन पाहाले चालता काय?"

पाहुण्याला उन्हात एकटं कसं पाठवायचं, म्हणून बाबाही निघाले. दोन दुपट्टे पुढे, मी मागे. मैदानात चिटपाखरू नव्हतं. मशीन उघडं उभं होतं. कुंपणाला त्या ताट्या तशाच टेकलेल्या, ड्रम, नळी, खांबाला सुकलेला कांदा. मामाजींनी एक ताटी उचलली. वास घेतला. नळी हातात धरून तिचं टोक कुठे जात होतं ते पाहिलं. हेडक्लार्कची नजर, फाइल न उघडता सगळं प्रकरण वाचलं.

"व्याही," ते म्हणाले, "हे तुम्ही लावलं?"

बाबा सातपुड्याकडे पाहत होते.

"मशीनले? त्या दिवशी?"

बाबांनी होकाराची मान हलवली. मामाजी असे हसायला लागले की तोल जाऊन त्यांनी कुंपणाची तार धरली, आणि तार धरताच असे उडाले की दुपट्टा एकीकडे, चप्पल एकीकडे. तळव्यावर फुंकर मारत ओरडले, "सूनबाई, आकडा सांग! आताचा सांग!"

मी फोन काढला. पडद्यावर लिहून आलं की फोन फार तापला आहे, आणि तो बंद पडला. मामाजींनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, स्वतःच्या भाजलेल्या तळव्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या तो आकडा," ते म्हणाले. "व्याही, अट मी वापस घेतो. बोला. आठ दिवसांचं बोला."

बाबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता फुटणार धरण. पण ते माझ्या सासऱ्यांची चप्पल उचलून त्यांच्या पायापाशी ठेवत म्हणाले, "खरं सांगू व्याही? अकोल्याचं ऊन आमच्याहून कडक हाये. मी लग्नापासून मनात मानतो."

"छ्या!" मामाजी भडकले. "असं कसं? तुमचंच कडक हाये!"

"नाही जी, तुमचंच. तुमच्यापाशी नोंद हाये."

"चुलीत गेली नोंद! हा हात पाहा माहा!"

"तुमची चामडी नाजूक, म्हणून. ऊन तं तुमचंच मोठं."

"माह्या चामडीवर नोका जाऊ, सांगून ठेवतो!"

मैदानापासून घरापर्यंत हे भांडण वाढतच गेलं. दारात पोचलो तेव्हा दोघांचे आवाज चौकात ऐकू जात होते आणि कूलर पाहायला तीन गिऱ्हाइकं मागे लागली होती. आई पदरानं घाम पुसत बाहेर आली. तिनं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा तिच्या व्याह्यांकडे.

"आठ दिवस घर कसं गप होतं, मामाजी," ती माझ्या तोंडच्या नावानंच त्यांना म्हणाली, "काऊन बोलतं केलं तुम्ही यायले?"

आणि आत जाऊन तिनं चहाचं मोठं भांडं चढवलं.