टेबलाखालून घेतलेला बॅकअप

एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानासाठी शब्दकोडी रचण्यात ज्यांनी अर्धं आयुष्य घालवलं, त्या गृहस्थांना सगळी गल्ली 'आडवेउभे काका' म्हणायची. माणूस सरळ, पण बोलणं कोड्यातलं. पाणी हवं असलं तरी "दोन अक्षरी, तहान भागवणारं" असं म्हणायचे. काकू "दोन हात आहेत ना, घ्या की!" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

काकांची सगळी कोडी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. तो सुरू व्हायचा तोच मुळी कण्हत. आधी घरघर, मग काळोख, आणि मनात आलंच तर काम. सुट्टीला आलेल्या मुलीने ही घरघर ऐकली आणि जाताना पत्त्यांच्या जोडाएवढी एक काळी डबी काकांच्या हातात ठेवली.

"बाबा, ही बॅकअपची हार्ड डिस्क. सगळी कोडी हिच्यात उतरवून ठेवा. तुमचा डबा कधीही मान टाकेल."

"माझ्यापेक्षा पुष्कळ धाकटा आहे तो," काका म्हणाले.

पण मनात धाकधूक होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी डबीची वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या खाचेत खुपसली. पडद्यावर काही उमटलं नाही. डबी मात्र बोलू लागली. टक्, टक्, टक्.

काकू झाडू घेऊन धावत आल्या. "कुठंय पाल?"

"पाल नाही गं, बॅकअप आहे."

"मग चुकचुकतोय कशाला?"

आता शंकेची पाल काकांच्याही मनात चुकचुकली. त्यांनी मुलीला फोन लावला. ती ऑफिसात होती, दबक्या आवाजात म्हणाली, "पुढच्या खाचेतून तिला पुरेशी वीज मिळत नाहीये, बाबा. उपाशी आहे ती. मागच्या बाजूला लावा."

मागची बाजू म्हणजे टेबलाखाली, पार भिंतीशी. तिकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. फोन स्पीकरवर टाकून काका रांगत आत शिरले. जळमटं तोंडावर घेत त्यांनी खाच चाचपली, वायर बसवली, आणि त्याच क्षणी त्यांची कंबर धरली. ना पुढे, ना मागे.

"अहो, बाहेर या."

"येता येत नाही. तू खुर्चीवर बस आणि माऊस धर."

काकूंनी आजवर त्या माऊसवरची फक्त धूळ पुसली होती. नवऱ्याच्या डोक्याला पाय लागू नये म्हणून त्या खुर्चीत मांडी घालून बसल्या.

"काय दिसतंय?" टेबलाखालून आवाज आला.

"नवीन कोडी. नवीन कोडी खरी. शेवटची. शेवटची पक्की. हीच ती. ही नकोत. यातली कुठली घेऊ?"

खालून डोकं खाजवल्याचा आवाज.

"अहो?"

"आठवत नाही."

फोनमधून हसू फुटलं. "आई, सगळीच उचल."

"चार कोपरे धरून चादर उचलतात तशी?"

"अगदी तशी."

काकू माऊस ओढू लागल्या आणि मध्येच ओरडल्या, "टेबल संपलं!"

"बटण दाबूनच ठेव. माऊस उचल आणि अलीकडे ठेव," काका कळवळले.

अखेर पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीच्या चालीने सरकू लागली. कॉम्प्युटर आधी म्हणाला, दहा मिनिटं. मग म्हणाला, दोन दिवस. "तुमच्याच वळणावर गेलाय," काकू म्हणाल्या. त्यांनी गरम पाण्याची पिशवी खाली सरकवली, पाठोपाठ उशीही दिली.

पडल्या पडल्या काकांनी नवं कोडं जुळवायला घेतलं. "तीन अक्षरी. ऐन कामात अडून बसणारी गोष्ट."

"नवरा," काकू तात्काळ म्हणाल्या.

"मला कंबर म्हणायचं होतं."

"माझंही बसतंय ना? मग झालं तर."

काका हसले आणि हसता हसता विव्हळले. पण उत्तर बिनतोड होतं. पट्टी भरेपर्यंत अख्खं कोडं तयार झालं. त्यातले निम्मे शब्द काकूंचे होते. मग काकूंनी मुलीच्या सांगण्यावरून डिस्क रीतसर बंद केली आणि काकांचे दोन्ही पाय धरून त्यांना बाहेर ओढलं.

पुढे एका दुपारी कॉम्प्युटरने खरोखरच मान टाकली. मुलीने दुसरा पाठवला. त्याला डबी जोडली तर सगळी कोडी जागच्या जागी, 'हीच ती' आणि 'ही नकोत' दोन्ही. काका आनंदाने बसायला वळले, तर खुर्ची भरलेली.

"तुम्ही दुसरी आणा," माऊस हातात घेत काकू म्हणाल्या. "आणि आजचा पहिला शब्द मी देणार."